डचकाकांची माणसं

"वाईट बातमी आहे," कुंपणापलीकडून आमचे नवे शेजारी म्हणाले. "आज सकाळी हेंड्रिक वारला."

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या त्या घरात येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. उंच, पाठीत किंचित वाकलेले गृहस्थ, हातात चहाचा मग आणि डोळे खरोखरच ओले. मी "सॉरी" म्हणून घरात आले आणि कामाला लागले. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात नेऊन द्यायचा, ही आमच्याकडची रीत. ब्रॅकनेलमध्ये ती लागू नाही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मिरची वगळून पिठलं केलं, डबा भरला, त्यांची बेल वाजवली आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ होते का तुमचे?"

"छे! आजोबांच्या आजोबांच्या आजोबांचे आजोबा," ते म्हणाले. "जाऊन सव्वातीनशे वर्षं झाली. पण मला आज सकाळी कळलं ना!"

मग डबा उघडून त्यांनी हॉलमध्ये उभ्या उभ्या सगळं पिठलं संपवलं. डबा परत देताना म्हणाले, "हेंड्रिकच्या वाटणीचंही मीच खाल्लं. त्याने रागावू नये."

शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याच संध्याकाळी त्यांचं नाव 'डचकाका' ठेवलं. खरं तर गृहस्थ नखशिखांत इंग्रज. नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. पण न्यूयॉर्क हे डचांचं छोटंसं गाव होतं, तेव्हा हॉलंडहून तिथे जाऊन पिंपं बनवणारा हेंड्रिक हा त्यांचा मूळपुरुष. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिका इंग्लंडपासून फुटली, तेव्हा हेंड्रिकच्या वंशातला कॉर्नेलिस नावाचा एकजण राजाच्या बाजूने राहिला, हरला आणि बोटीत बसून इंग्लंडला आला. डचकाका या कॉर्नेलिसच्या शाखेतले. शेवटचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही, भावंडं मुळातच नव्हती.

या मंडळींविषयी ते नेहमी वर्तमानकाळात बोलत. "हेंड्रिक शेजाऱ्याशी डुकरावरून कोर्टात भांडतोय," असं ते दूध आणायला जाता जाता सांगत. एकदा मी विचारलं, "मग कोर्टात काय झालं?" तर म्हणाले, "निकाल यायचाय. पुढचं पान मिळालेलं नाही."

त्यांची वंशावळ वॉलपेपरच्या गुंडाळीच्या मागच्या बाजूवर काढलेली होती. ती पुरी उलगडायची तर जिन्याच्या वरच्या पायरीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत जागा लागे. मग आम्ही भिंतीला चिकटून चालायचो. "सांभाळून, मिसेस के, मारित्येवर पाय पडेल!" आमचं कुलकर्णी हे आडनाव त्यांनी असं एका अक्षरावर आणून ठेवलं होतं.

घरी येणाऱ्या प्रत्येकाची वंशावळ काढायची, ही आणखी एक खोड. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस ओल्या हातांनी आपल्या आजीचं माहेरचं नाव आठवत उभा असलेला मी पाहिलाय. "कोणीही ढगातून पडत नाही," डचकाका त्याला बजावत होते. "नीट आठव!"

पण स्वतःच्याच बाबतीत ते अडकले होते. हेंड्रिकच्या वंशजांचा अमेरिकेत, हडसन नदीकाठी, मोठा मेळावा भरायचा. डचकाकांनी पत्र लिहून आपली शाखा कळवली, तर तिथल्या व्यवस्थापक बाईंचं अतिशय गोड उत्तर आलं. हेंड्रिकचा पणतू यान आणि त्याची बायको मारित्ये यांच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे गावच्या चर्चच्या वहीत आहेत. त्यात कॉर्नेलिस नाही. तो त्यांचाच मुलगा असा पुरावा मिळेपर्यंत तुमचं नाव वंशवृक्षात घेता येणार नाही. मात्र पाहुणा म्हणून अवश्य यावं.

"पाहुणा!" डचकाका उसळून म्हणाले. "लग्नातल्या फोटोग्राफरसारखा! सगळ्यांच्यात आणि कुणाचाच नाही." मग एकदम खाली बसले. "मिसेस के, गेल्या ख्रिसमसला मला दोन कार्डं आली. एक तुमचं, एक माझ्या दंतवैद्याचं."

यानंतर मला गप्प बसणं शक्य नव्हतं. ऑफिसात मी लोकांची अडलेली प्रोजेक्ट्स मार्गी लावते. इथे तर शेजारचा माणूस अडला होता. मी एक तक्ता आखला: काय सापडलं, काय नाही, कुणाला विचारायचं. दर शनिवारी दहा वाजता बैठक. शिरीष म्हणायचा, "घरातला गळका नळ केव्हा येणार तुझ्या तक्त्यात? का त्यासाठी मला डच व्हावं लागेल?" आम्ही त्या गावाची वही पुन्हा वाचली, आजूबाजूच्या गावांच्या वाचल्या. कॉर्नेलिस कुठेच नाही. तक्ता भरत गेला, तसे डचकाका मिटत गेले. एका शनिवारी त्यांनी वॉलपेपर उलगडलाच नाही. "कदाचित मी हेंड्रिकचा नसेनच," एवढंच म्हणाले.

त्यांचं मन रमवावं म्हणून मी म्हटलं, "आज माझी वंशावळ काढा."

पेन्सिल हातात आल्यावर ते जरा सावरले. "घर कुठलं?"

"पुण्याचं."

"धाकटे भाऊ कुठे जन्मले?"

"दोघंही पुण्यात."

"आणि तुम्ही?"

"कराडला."

पेन्सिल थांबली. "तेव्हा घरचे कराडला राहत होते?"

"नाही हो. कराड आईचं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी करतात आमच्यात. पुढची मग सासरी, जिथे सोय असेल तिथे."

"पहिलं मूल," ते सावकाश म्हणाले, "आईच्या आईकडे?"

"अर्थात! कोवळी पोर, पहिलीच खेप. आईपाशीच जाणार ना?"

दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. कॉर्नेलिस यानचा थोरला मुलगा असणार, हे त्याच्या वयावरून आम्हाला ठाऊक होतं. मुद्दा पहिला: थोरला, म्हणजे पहिलं बाळंतपण. मुद्दा दुसरा: इतक्या शनिवारांत आम्ही फक्त मारित्येच्या सासरची गावं पालथी घातली होती. मी जिन्याकडे धावले आणि वॉलपेपर स्वतः उलगडला. "मारित्येचं माहेर कुठलं?"

ते सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. डच चर्चच्या वहीत बायकांचं माहेरचं नाव लग्नानंतरही तसंच राहतं, त्यामुळे तिचे वडील लगेच मिळाले. नदीने बोटीतून दोन दिवस वर, एका वेगळ्याच गावात त्यांची गिरणी होती. त्या गावाच्या वहीची मायक्रोफिल्म अमेरिकेहून मागवायची होती. ती यायला कित्येक आठवडे लागले, आणि तेवढ्या काळात मी तक्त्यात एकही नवी ओळ लिहिली नाही. हे माझ्या स्वभावाविरुद्ध आहे.

फिल्म आल्याचा फोन आला, त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. लंडनच्या त्या वाचनालयात डचकाका फिल्म पुढे सरकवणाऱ्या यंत्राचा दांडा फिरवत होते आणि मी नावं वाचत होते. आणि मग तिरक्या, दाट अक्षरांत ते आलं: यान. मारित्ये. मूल, कॉर्नेलिस. साक्षीदार म्हणून मारित्येचे आई-वडील.

"मुलगा झाला!" डचकाका ओरडले.

सगळं वाचनालय वळून बघायला लागलं. टेबलामागे बसलेल्या वाचनालयाच्या बाई त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून अंमळ घुटमळल्या, मग म्हणाल्या, "अभिनंदन! आई कशी आहे?"

"छान आहे," डचकाका डोळे पुसत म्हणाले. "आईपाशी आहे."

परतताना मी त्यांना स्लाऊला उतरायला लावलं, तिथे आपल्याकडच्या मिठाईची दुकानं आहेत. मुलगा झाला तर आमच्यात पेढे वाटतात, हे ऐकताच त्यांनी चांगले दोन किलो घेतले आणि आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराची बेल वाजवून कॉर्नेलिसच्या जन्माची बातमी सांगितली. पोस्टमन बाईंनी तर नवजात बाळासाठी कार्डही आणून दिलं.

त्या उन्हाळ्यात ते अमेरिकेला गेले. नाव वंशवृक्षात आलं होतं. तिथून फोन आला तेव्हा मागे एवढा गलका, की त्यांना ओरडावं लागत होतं. "मिसेस के! इथे तीन जणांना माझेच कान आहेत! आणि एक बाई मला सारखी वाढतेय, अगदी तुमच्यासारखी!" परतले ते उन्हाने लाल होऊन. मग त्यांच्या दारात अमेरिकेची पाकिटं पडायला लागली, रविवारी फोन वाजायला लागला. वॉलपेपरची एक गुंडाळी पुरेना, दुसरी जोडावी लागली.

पुढच्या एका हिवाळ्यात डचकाका झोपेतच गेले.

अंत्यविधीची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. अमेरिकेतल्या मेळाव्याच्या त्या व्यवस्थापक बाईंना मी वेळ आणि पत्ता कळवला, तो केवळ माहितीसाठी. इथल्या रिवाजाप्रमाणे पहिली रांग घरच्यांची असते. ती रिकामी दिसू नये म्हणून मी शिरीषला सांगून ठेवलं होतं, "आपण दोघं पुढे बसायचं. कोट मधल्या खुर्चीवर ठेव, म्हणजे जरा भरल्यासारखं वाटेल."

आम्ही बसलो. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि थंडीचा झोत आत आला. विमानतळावरून थेट आलेली, बॅगा ओढणारी, उंच, पाठीत किंचित वाकलेली माणसं एकामागून एक आत येत होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्यापाशी येऊन हळूच विचारलं, "घरच्यांनी कुठे बसायचं?"

"इथे," मी म्हटलं आणि उठले. शिरीषने कोट उचलला.

पहिली रांग भरली. मग दुसरी. तिसऱ्या रांगेतल्यांनी सरकून सरकून जागा केली. आम्ही दोघं मागे गेलो आणि भिंतीला टेकून उभे राहिलो.