मामांनी पाळलेला ऑक्टोपस

ठाण्यात माणसांपेक्षा माशांशी जास्त बोलणारा गृहस्थ एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा. नौपाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत माणसांना बसायला एक सोफा आणि माशांना चार टाक्या. मामा सकाळी उठले की आधी माशांची विचारपूस करणार, मग मामींची. एक गोल्डफिश दोन दिवस जेवला नाही म्हणून हे माझ्या मेहुणीच्या साखरपुड्याला आले नाहीत. "घरात आजारपण आहे," एवढाच निरोप.

गेल्या वर्षी उत्तनच्या एका मच्छीमार मित्राच्या जाळ्यात मुठीएवढा ऑक्टोपस आला. मामा त्याला समुद्राच्या पाण्याने भरलेल्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून घरी घेऊन आले. एक टाकी त्याच्यासाठी रिकामी झाली, नाव ठेवलं आबा. तिसऱ्याच दिवशी आबा झाकण उचलून बाहेर पडला आणि मामींना ओट्यावर, भिजवलेल्या साबुदाण्याशेजारी सापडला. मामींची किंकाळी स्टेशनपर्यंत गेली असावी. मामा मात्र हरखून गेले. "पाहिलंत जावईबापू? झाकण उघडलं त्यानं! तुम्हाला लोणच्याची बरणी उघडायला बायको लागते."

मग झाकणावर वरवंटा आला. आबा कोपऱ्यातल्या मडक्यात जाऊन बसला तो बसलाच. जिवंत खेकडा सोडला तरी बाहेर येईना, रंगही पांढुरका पडला. मामींनी आठ दिवस पाहिलं आणि एका दुपारी म्हणाल्या, "अहो, ज्याला झाकण उघडता येतं, त्याला आपण कोंडलेले आहोत हेही कळत असणार."

मामा चिडले. "बाहेर मोठे मासे खातील त्याला! इथे सुखात आहे तो."

"मग वरवंटा कशाला?"

मामा उठले आणि माळ्यावर टाकलेला तो डबा खाली काढू लागले.

रविवारी सकाळी मी, मामा आणि डबा उत्तनला पोचलो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मामा खडकांतल्या पाण्यात उतरले. आबाने त्यांच्या मनगटाला विळखा घातला आणि सोडेना. "सोड रे राजा, घरी जायचंय मला," मामा म्हणत होते, पण हात तसूभरही हलवत नव्हते. बघता बघता आबाचा रंग खडकासारखा झाला, आणि मामांचं मनगट रिकामं दिसलं. तरी ते बराच वेळ वाकून उभे होते.

परवा गेलो तेव्हा मामा-मामी मटार सोलत बसले होते. "वर्ष-दीड वर्षच जगतो हा प्राणी," मामा मध्येच म्हणाले. "आता नसेल तो."

"कशावरून?" मामी म्हणाल्या. "असेलही."

मामांनी आपल्या वाटीतले दाणे हळूच मामींच्या वाटीत ओतले.