पंखाच्या आतून दोन ठोके

बाबांचं काम गेलं त्या साली आम्ही कित्येकदा डागी संत्र्यांबरोबर भाकर खाल्ली. आई बाजारात मजुरीनं संत्री निवडायला जायची. फेकायची फळं तिला मिळत. कालवणाला घरात दुसरं काही नसायचं.

बाबा सोनेगावच्या विमानतळावर विमानदुरुस्तीच्या शेडात ठेकेदाराचे मजूर होते. तिथं चार इंजिनांची जुनी बॉम्बर विमानं यायची. महायुद्ध संपल्यावर परक्या फौजांनी ती मोडून-तोडून आपल्या देशातच टाकून दिली होती. आपल्या माणसांनी ती जोडली आणि वर्षानुवर्षं दूर समुद्रावर पाळतीला धाडली. बाबा अंगानं बारीक, म्हणून त्यांना पंखाच्या पोकळीत घुसवत. कारागीर बाहेरून पत्र्यात रिवेटचा खिळा ठोकायचा, आतून बाबा लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचे. बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आतून ठोक्यांनी सांगायचं. एक ठोका म्हणजे बसला, दोन म्हणजे अजून मार, तीन म्हणजे काढून टाक.

त्या आवाजानं त्यांचे कान गेले. मग ती विमानंच निवृत्त झाली, आणि बहिऱ्या माणसाला दुसरीकडे कोणी उभं करेना. घरात आम्ही त्यांच्या तळहातावर ठोके देऊनच बोलायचो.

त्यात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षी इंग्रजीत नापास झालो. शेजारचे काका ओट्यावरून म्हणाले, "बापाले ऐकू येत नाही, पोराले इंग्रजी येत नाही. जोडी जमली गा."

मला पुढचं काहीच दिसेना. आईला म्हणालो, "माय, कॉलेज सोडतो. हमालीले जातो."

"मले काय सांगतं? त्यायले सांग."

मी बाबांचा तळहात धरला आणि तीन ठोके दिले.

 त्यांनी माझा हात उलटा करून दोन ठोके दिले, इतके जोरात की बोटं झिणझिणली.

"पण खायचं काय?" मी ओरडलो.

"काहून ओरडून राहिला?" आई म्हणाली. "त्यायले नाही आलं ऐकू. मले आलं."

दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी लोकांकडे भांडी घासायलाही जाऊ लागली. मी पुन्हा परीक्षेला बसलो.

निकालाच्या दिवशी बाबा दारातच बसले होते. मी त्यांच्या तळहातावर एकच ठोका दिला. त्यांनी मूठ मिटून घेतली आणि किती तरी वेळ उघडली नाही.

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला.