हौदाची तुटकी पायरी

या सदरातले अनुभव मी आजवर हसून सोडून देत आले. संकेत, चमत्कार असलं काही आमच्या घरात कुणी मानलं नाही, मी तर नाहीच. तरी लिहिते आहे, कारण दुसरं कुणाला विचारावं ते कळत नाही.

मी लँडस्केप, म्हणजे निसर्गचित्रं, करते. जुन्या बागा, त्यांतले हौद, द्राक्षमळे... तीस वर्षं हेच रंगवते आहे. नारायण पेठेत आम्ही दोघंच राहतो. माझ्या मिस्टरांना स्मृतिभ्रंश आहे. वर्षभर ते मला ओळखत नव्हते. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी ब्रश धुवायला आत गेले, पाच मिनिटं. बाहेर आले तर दार उघडं आणि हे नाहीत.

दोन दिवस शोधलं. नदीपात्र, स्वारगेट, सगळी हॉस्पिटलं. चौकीत हवालदार म्हणाले, "बाई, कडी लावायला काय झालं होतं?" शेवटी शवागारातही जाऊन आले. तिथून बाहेर पडल्यावर फुटपाथवरच बसले.

त्यांचा अलीकडचा एकच फोटो होता, माझ्या नव्या चित्राशेजारी उभे असतानाचा. तोच व्हॉट्सॲपवर सगळीकडे पाठवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी नारायणगावच्या पुढच्या, इथून ऐंशी किलोमीटरवरच्या एका शेतकऱ्याचा फोन आला.

"ताई, आजोबांना काय मी पाहिलं नाय. पण शेजारी जे चित्र हाय ना, तो आमचा मळा हाय. कधी आला होता तुम्ही?"

मी तिथं कधीच गेले नव्हते. ते चित्र घरात बसून मनानं काढलं होतं — द्राक्षाच्या ओळी, मधे जुना दगडी हौद, त्याची एक पायरी तुटलेली. मला रागच आला. इथं माणूस हरवलाय आणि या शेतकऱ्याला चित्राचं पडलंय. तरी म्हटलं, "हौदापाशी जाऊन बघाल का? पाया पडते."

फोन चालूच होता. पावलं ऐकू येत होती.

"ताई, बसलेत हितं. पायरीवर. शुद्धीवर हायेत, पण लवकर या."

गाडी करून गेले. हौद हुबेहूब तोच, तुटकी पायरीसुद्धा. ह्यांचे ओठ सुकून फाटले होते. मला बघून म्हणाले, "सुमन, किती उशीर केलास गं."

वर्षभरानं माझं नाव. मी पाणी पाजलं, त्यांचा हात धरून बसले. त्यांनी लग्न होऊन गेलेल्या मुलीची चौकशी केली, माझ्या दुखऱ्या गुडघ्याची केली. गाडीत त्यांचा डोळा लागला. चाकणला जाग आली, तेव्हा माझा हात त्यांनी हलकेच बाजूला केला, अनोळखी बाईचा करावा तसा.

खिशात पैसे नव्हते, फोन नव्हता. इतक्या लांब कसे गेले, कुणीच सांगू शकलं नाही. डॉक्टर योगायोग म्हणतात. नंतर दोनदा मी त्यांना तिथं घेऊन गेले, त्याच पायरीवर बसवलं, ऊन उतरेपर्यंत थांबले. दोन्ही वेळा त्यांनी अदबीनं विचारलं, "आपण कोणाकडे आला आहात?"

कुणाला काही ठाऊक असेल तर कळवा. ते तिथं कसे पोचले, हे नाही समजलं तरी चालेल मला. त्या दिवशी त्यांनी मला कसं ओळखलं, तेवढं सांगा.