खताच्या पोत्याची बाज

भूमच्या बाजारात माझ्या शेजारी एकजण बाजा विकतो. म्या अंबाडीच्या दोरानं बाज विणतो. ह्यो खताची रिकामी पोती उसवून दोर वळतो. रंग असले भडक, की बैल बुजावा. गिऱ्हाईक आलं की एकच पालुपद, "मावशी, पिढ्या गेल्या तरी कुजायची न्हाय." कचऱ्याला कुजायची कसली घाई?

परवा एका बाईनं त्याची बाज पसंत केली, म्हणाली, लेक बाळंत झालीय, तिच्यासाठी न्यायचीय. ह्यानं बाज मागं वढली.

"मावशी, शेकाला खाली शेगडी ठेवाल. ही वितळंल, लेकराला चटका बसंल. काकांची अंबाडीची न्या."

बाईनं माझी नेली. त्याच्या मालाला म्या आजबी कचराच म्हणतो. पण त्याच्या जागी म्या असतो, तर शेगडीचं बोललो नसतो.