नवव्या पटावरचा पाहुणा

भुताची गोष्ट सांगायची तर रात्र हवी, वारा हवा, निदान वीज तरी जायला हवी. माझ्याकडे यातलं काहीच नाही. माझ्याकडे आहे जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममधली एक रविवारची दुपार, ट्यूबलाइटांनी लखलखणारं ब्युर्गरहाउस, म्हणजे गावाचं सभागृह, आणि सफरचंदाच्या केकचे ट्रे. तरी सांगतो. काटा आला तर श्रेय माझं, नाही आला तर दोष ट्यूबलाइटांचा.

यात मुख्य पात्रं दोनच, काका आणि मावशी. मावशी माझी सख्खी नव्हे. मी इथल्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आलो तेव्हा मराठी मंडळाच्या गणपतीत भेटली आणि तिथल्या तिथे मावशी झाली. मूळची कराडची. तरुणपणी जर्मनीत आली, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागली. एके दिवशी समोरच्या खुर्चीत रक्त द्यायला एक उंच, घाबरलेला परदेशी माणूस येऊन बसला. "पहिल्याच भेटीत यांचं रक्त काढलं," मावशी सांगते, "आणि मग सवय लागली."

तो माणूस म्हणजे काका. पॅराग्वेचे. नदीकाठच्या एका बंदराच्या गावी, न्हाव्याच्या दुकानात, नंबर लागेपर्यंत वेळ जावा म्हणून ठेवलेल्या पटावर ते बुद्धिबळ शिकले. मिसरूड फुटायच्या आत गावाला हरवलं, मग राजधानीला, मग देशाचे विजेते झाले. देशाकडून खेळायला परदेशी जाऊ लागले. जर्मनीत एका स्पर्धेसाठी म्हणून आले, तर एका क्लबाने संघातला पहिला पट, म्हणजे सगळ्यात वरच्या खेळाडूची जागा, आणि बेकरीवरची खोली देऊ केली. पावाच्या वासाने राहिलो, असं ते म्हणतात. ग्रँडमास्टर हा किताब त्यांना मिळाला नाही. एकदा अर्ध्या गुणाने हुकला, पुढे पुन्हा अर्ध्या गुणानेच हुकला. मावशीच्या मते ते दोन अर्धे जोडून एक करायला काय हरकत होती?

पोटासाठी ते गावोगाव जाऊन न बघता खेळायचे. लोकांकडे पाठ, तोंड भिंतीकडे, समोर कोरं टेबल, आणि मागे आठ-दहा जण आपापल्या पटावर. बँकांच्या शाखांत खेळले, लोक झऱ्याचं पाणी पिऊन बरं व्हायला येतात त्या गावांत खेळले, एकदा पोहण्याच्या तलावाच्या उपाहारगृहातही. आणि हो, काकांना मराठी येतं. मावशीचं बहिणींशी फोनवरचं बोलणं ऐकून शिकले, त्यामुळे सहा फुटांचा हा गृहस्थ "मी जरा फिरून येते" असं म्हणून बाहेर पडतो. कुणी सुधारत नाही. आम्हाला आवडतं.

गेल्या वर्षापासून काका विसरू लागले. जुनं घर सोडून जमाना झाला, तरी एकदा तिथल्याच थांब्यावर बसमधून उतरले. डॉक्टरांनी तपासणीत कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तर काकांनी दोन तबकड्यांचं काढलं, बुद्धिबळाचं. डॉक्टरांनी ते लक्षण म्हणून टिपून घेतलं. पण खरी धडकी भरली ती क्लबाच्या सामन्याला म्हणून एकटेच रेल्वेने निघालेले काका दुपारी भलत्याच गावाच्या फलाटावर सापडले तेव्हा. मावशी म्हणाली, आता खेळणं बंद. काका म्हणाले, मग मी काय करू, नुसती बसू?

शेवटी काकांनीच पैज मांडली. क्लबातले आठ जण, आठ पट, न बघता. एक जरी चूक झाली तर पहिला पट सोडायचा, पुन्हा कधी सामन्याला जायचं नाही. एकही नाही झाली तर मावशीने पुन्हा हा विषय काढायचा नाही.

मावशी हॉलमध्ये बसायला तयार नव्हती, तिला ते बघवत नाही. ती बाहेर गाडीत थांबणार होती. मी काकांशेजारी उभं राहून लोकांच्या चाली मोठ्याने सांगायच्या आणि काकांच्या चाली त्या त्या पटावर करायच्या, असं ठरलं. जाताना तिने माझी बाही धरली. "मला खरं सांग. यांना वाचवायला जाऊ नकोस." मी हो म्हणालो.

पहिला तास काय बहारीचा गेला! समोर एक बेकरीवाला, दोन निवृत्त शिक्षक, बाकीचे माझ्याच कारखान्यातले. मी म्हणायचो, पट तीन, घोडा अमुक घरी. काका भिंतीकडे बघत, जणू तिथे खिडकी आहे, लगेच उत्तर द्यायचे. सहाव्या पटावरच्याने एकदा चुकीची चाल सांगितली, तर काका म्हणाले की तिथे तुमचंच प्यादं आहे. हॉलमध्ये हशा. मी मनातल्या मनात मावशीपुढे बातमी सादर करायची तालीमसुद्धा करून घेतली.

आठव्या पटावरची चाल झाली. मी पुन्हा पहिल्याकडे वळलो. तेवढ्यात काका भिंतीला म्हणाले, "ब्रेट नॉयन. घोडा ई पाच."

पट नऊ.

चमचे थांबले. आठ पट होते. नवव्या ठिकाणी रिकामी भिंत आणि कोट अडकवायची खुंटी. क्लबाचे अध्यक्ष माझ्याकडे बघू लागले, मी काकांच्या मानेकडे. ती मान शांत होती, उत्तराची वाट बघत होती.

मी मंडळाच्या नाटकांत कामं केलेला माणूस. रंगमंचावर कुणी संवाद विसरलं आणि शांतता पडली की माझे पाय आपोआप पुढे येतात. दिलेला शब्द वगैरे तेव्हा आठवतच नाही. मी टाळी वाजवली आणि जर्मनमध्ये जाहीर केलं की मंडळी, एक पाहुणा खेळाडू आहे, त्याची ओळख शेवटी करून देणार होतो, पण मास्टरांनी आधीच फोडलं. लोक हसले. मी एक टेबल ओढलं, पट मांडला, पलीकडे खुर्ची ठेवली. केक वाटणाऱ्या बाईंनी शिस्तीत तिथेही कॉफीचा कप ठेवला.

आता पाहुण्याच्या वतीने काहीतरी चाल सांगायला हवी होती. मी तोंड उघडलं. काका मागे न वळता, हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "तू नको सांगू. तो सांगतो."

लोकांना ते स्पॅनिश वाटलं असावं. माझ्या पाठीवरून मात्र कुणीतरी थंड बोट फिरवल्यासारखं झालं.

मग काकांनी त्याच आवाजात, भराभर, त्या डावाच्या आतापर्यंतच्या सगळ्या चाली सांगितल्या. स्वतःच्याही आणि त्याच्याही. मी मोहरे हलवत गेलो. वेडंवाकडं काही नव्हतं, नीट खेळलेला डाव होता. म्हणजे गेला तासभर आठ डावांच्या मागे हा नववा चाललेलाच होता, फक्त आवाजाशिवाय. पुढे प्रत्येक फेरीत तसंच. आठ पटांची चाल मी सांगायचो, नवव्याची काका मला पुटपुटून सांगायचे आणि मी ती पाहुण्याची म्हणून मोठ्याने पुकारायचो. एखाद्याचा आवाज होणं ही काय चीज आहे, ते मला त्या दुपारी कळलं. माझाच गळा होता, पण मी त्यात भाडेकरू होतो.

इथे मी सांगू शकलो असतो की कॉफीचा कप रिकामा झाला. नाही झाला. कॉफीवर साय धरली. खुर्चीही करकरली नाही. जे झालं ते माझ्या हाताला झालं. एका फेरीत मी नवव्या पटापाशी पोचलो, आणि काका काही बोलायच्या आधीच माझा हात काळ्या हत्तीवर होता. मी क्लबाच्या शेवटच्या संघातला खेळाडू. हत्ती फुकट देणं माझ्या रक्तात नाही, मी प्यादंसुद्धा कुरकुरत देतो. तरी तो हत्ती मी उचलला आणि सरळ पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी ठेवला.

भिंतीकडे तोंड केलेले काका म्हणाले, "हं. हत्ती."

त्यानंतर त्यांनी मला पाहुण्याची एकही चाल सांगितली नाही. गरज पडली नाही, एवढंच लिहितो.

आठ पटांवर काकांचे सहा विजय आणि दोन डाव बरोबरीत. चूक एकही नाही. नववा डाव तेवढा उरला. मग काका खुर्चीत ताठ बसले, कोटाची बटणं लावली आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाले, "पट नऊ. मी हरलो."

टाळ्या थांबेनात. लोक नवव्या पटाभोवती जमले, हत्तीच्या त्या बलिदानावरून बोटं फिरवू लागले. पाहुणा कुठाय? मी म्हटलं, त्याला गाडी पकडायची होती. अध्यक्षांनी मला कोपऱ्यात घेतलं. आल्झो, म्हणजे तर मग, म्हणाले, हा गृहस्थ कुठल्या क्लबाचा नसेल तर आमच्या दुसऱ्या संघात जागा आहे.

बाहेर मावशी गाडीत बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू गाडी चालू आहे. काका पुढे बसले, मी मागे. तिने आरशातून मला विचारलं, "किती चुकले?"

"आठ पटांवर एकही नाही," मी म्हणालो. शब्दशः खरं होतं ते.

"मी चुकले," काका म्हणाले.

आणि मग त्यांनी ते सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं जर्मनमध्ये, समोरच्या काचेकडे बघत. विशीत असताना, नदीवरच्या एका गावात, त्यांचा न बघता खेळण्याचा पहिला मोठा कार्यक्रम होता. नऊ पट. नवव्यावर तिथला तार मास्तर. त्याचा डाव वरचढ होता. मध्येच त्याच्या चालींना उशीर झाला, आणि नंतर आल्या त्या वेगळ्याच. पुकारणारा आवाज तोच होता, पण खेळणारा माणूस बदलला होता. काकांना पाठमोरं असूनही कळलं. तरी त्यांनी विचारलं नाही. ते खेळत राहिले आणि जिंकले. वळून बघितलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. तार मास्तर बसल्या जागी गेला होता. कार्यक्रम मोडू नये, पोराचं नाव व्हावं, म्हणून पुकारणाऱ्याने त्याला गुपचूप बाहेर न्यायला लावलं आणि पुढच्या चाली स्वतःच्या मनाने सांगितल्या. वर्तमानपत्रात छापून आलं, नऊपैकी नऊ. त्या बातमीवरच काकांची सगळी कारकीर्द उभी राहिली.

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात ते त्या तार मास्तरासाठी एक पट जास्तीचा ठेवत. डोक्यात. तो येऊन खेळत असे, डाव मात्र कधी संपत नसे. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"तो पुकारणारासुद्धा भला माणूस होता," काका मागे वळून मला म्हणाले. रागाने नाही. मला त्याहून रागावून बोललेलं बरं वाटलं असतं.

मावशीने स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाली की पैज आठ पटांची होती, आणि आठ बरोबर आले.

"आज मी मोठ्याने बोलले," काका म्हणाले. "आणि मला कळलंच नाही की बोलले. हॉल गप्प झाला तेव्हा कळलं. आत काय आणि बाहेर काय, ते आता मला कळत नाही. डॉक्टर बरोबर आहे." मोहऱ्याला हात लागला की तोच खेळायचा, हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला. तो त्यांनी स्वतःलाही लावला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना फोन करून पहिला पट सोडला.

मावशीने त्यांना पैजेसाठी शाबासकी दिली नाही की समजूतही काढली नाही. घरी जाऊन तिने खिडकीपाशी एक लहान टेबल लावलं आणि दोन खुर्च्या. इथे खेळा, म्हणाली. रेल्वेने जावं लागत नाही, आणि मोठ्याने बोललात तरी चालतं.

मध्यंतरी तिने मला जेवायला बोलावलं होतं. काका पांढऱ्या बाजूला बसले होते, समोरची खुर्ची मोकळी. मी विचारलं, एवढ्या वर्षांनी तो जिंकला ना, मग आता कशाला येतो? काका खुशीत म्हणाले की आता एक-एक झालं, निर्णायक डाव नको का? त्यांनी एक चाल केली, आणि माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

मावशी स्वयंपाकघरातून आली, हातात डाव. घोडा अडीच घरं जातो हेसुद्धा तिला आजवर माहीत नाही. तिने चालता चालता काळा उंट उचलला, पार टोकाच्या घरात नेऊन ठेवला, आणि न थांबता आमटी ढवळायला परत गेली. काका पटाकडे बघत राहिले.

"त्याचीच आहे," ते हळूच म्हणाले.

आतून मावशीचा आवाज आला. "अहो, आधी जेवून घ्या. ते थांबतो म्हणतायत."