आमच्या साडूंच्या आडवाटा

सरळ रस्त्याने सरळ घरी पोहोचणे हा ज्यांना वैयक्तिक अपमान वाटतो, असे गृहस्थ अख्ख्या पुण्यात एकच आहेत आणि माझ्या दुर्दैवाने ते माझे थोरले साडू आहेत. डांबराचा त्यांना तिटकारा. हडपसरच्या त्यांच्या घरापासून मंडई तशी नाकासमोर. पण साडू सायकलवरून भाजीला निघाले की आधी कालव्याच्या कडेने जातात, मग एका मंगल कार्यालयाच्या मागून, जिथे आचारी भांडी घासत बसलेले असतात, त्यांच्या पातेल्यांमधून वाट काढत पुढे सरकतात आणि मंडईत पोहोचतात तेव्हा चांगली कोथिंबीर संपलेली असते. घरी आल्यावर मेव्हणीबाई विचारतात, "कोथिंबीर?" हे घाम पुसत सांगतात, "आज एक नवी वाट सापडली." मेव्हणीबाई शांतपणे म्हणतात, "बरं. तीच चिरून घालते आमटीत."

हे वेड निवृत्तीनंतरचं. सगळी नोकरी विमा कंपनीत, लोकांना धोक्याची भीती घालण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मुलाने जाड टायरांची, ढीगभर गिअरची माउंटन बाईक भेट दिली आणि एवढ्या वर्षांची साठलेली बेफिकिरी एकदम बाहेर पडली. मी एकदा म्हटलंही, "अहो, माउंटन बाईक घेतलीत, तर सिंहगडाकडे जा. लोणी काळभोरच्या बाजूला कसला आलाय डोंगर?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हप्ता चुकवलेला पॉलिसीधारकच समोर उभा आहे. "डोंगरावर काय, वर बघायचं आणि धापा टाकायच्या. गंमत सपाट रानात असते. ऊस, ओढा, बांध, बैलगाडीची चाकोरी. तिथे डोकं लागतं." हे डोकं प्रत्यक्षात लागे ते चिंचेच्या खालच्या फांदीला, आणि बहुतेक वेळा माझं.

कारण माझी त्यातून सुटका नव्हती. "ताईच्या जिवाला घोर लागतो. तुम्ही जा बरं त्यांच्याबरोबर," असं आमच्या घरून फर्मान निघालं. साडूंनी आपली जुनी, गिअरचीच सायकल मला दिली आणि दर रविवारी सकाळी त्यांच्या पाठीकडे बघत उसाच्या रानांतून फिरणं माझ्या नशिबी आलं. वाट विचारायची त्यांची एक खास पद्धत होती. बांधावर कुणी दिसलं की ते थांबायचे, अदबीने रामराम करायचे, वाट विचारायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि मग त्या माणसाशी वाद घालायचे. एकदा एका शेतकऱ्याने सांगितलं, "म्होरं रस्ता न्हाई, वढा हाय." साडू म्हणाले, "असं कसं? ओढ्याच्या पलीकडे गाव आहे म्हणजे रस्ता असणारच." तो म्हणाला, "गाव हाय, पन गावातली मान्सं डांबरीनं जात्यात." हे वाक्य साडूंना इतकं लागलं, की त्यांनी ओढ्यातच सायकल घातली. मी गुडघाभर चिखलात उभा होतो आणि हे पलीकडच्या काठावरून ओरडत होते, "पाय कशाला टेकलात? चालवण्याची लय बिघडते!"

वाट चुकलो हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. समोर नांगरलेलं रान आलं, पायवाट ढेकळांत नाहीशी झाली, की ते सायकल खांद्यावर घेत आणि म्हणत, "वाट थोडी विसावा घेतेय. पुढे भेटेल." अशा विसाव्यांत माझे दोन चपलांचे जोड, एक चष्मा आणि बराचसा स्वभाव गेला. घरी कळवायचं कुणी, तर मी. मेव्हणीबाई फोनवर एवढंच विचारत, "कुठे आहात?" आणि मी आजूबाजूला बघून खरं तेच सांगत असे, "उसात."

आणि एवढ्या ओढ्याओहोळांतून सुखरूप आलेला हा माणूस पडला कुठे, तर कालव्याच्या कडेच्या गुळगुळीत मातीवर. ना उतार, ना दगड. पुढे चाललेले असताना मान वळवून ते मला शिकवत होते, "नजर नेहमी वाटेवर ठेवावी हो!" त्याच क्षणी पुढचं चाक पाण्याच्या पाटात गेलं आणि साडू हँडलवरून पलीकडच्या गवताच्या भाऱ्यावर जाऊन पडले. मी धावत गेलो. चेहरा पांढराफटक पडला होता, उजवा हात वेडावाकडा झाला होता आणि ओठ हलत होते. मला वाटलं, हे काही तरी अखेरचं सांगताहेत. कान जवळ नेला. "सायकलला काही झालं नाही ना?"

खांद्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पट्टी बसली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हाड जुळेल, पण खांद्याला आता पूर्वीचा जोर नाही. सपाट रस्त्यावर हळूहळू सायकल चालवा, आडरान विसरा. साडू म्हणाले, "मग चालवून उपयोग काय?" मेव्हणीबाई एरवी त्यांचं एकही वाक्य उत्तराशिवाय सोडत नाहीत. या वेळी त्या खिडकीचा पडदा सारखा करत राहिल्या.

मला वाटलं, सुटलो. ते घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी चांगला आठपर्यंत झोपायचं ठरवलं होतं. साडेसहालाच फोन. "उठलात? सायकल काढा. मी सांगतो तसं जा. आपल्या त्या बागेकडच्या वाटेवर पंधरा दिवस सायकल गेली नाही, तर ती बुजून जाईल." मी म्हटलं, "अहो, तिथून लोक जातात, शेळ्या जातात." ते म्हणाले, "शेळ्यांना वळणं कळत नाहीत." पंख्याकडे बघत पडलेल्या माणसाशी वाद काय घालायचा? मी निघालो. कानात फोन आणि फोनमध्ये साडू. "आता डावीकडे पंपाची खोली येईल." आली. "आता गिअर उतरवा." उतरवला. "खोटं बोलताय, खट् आवाज आला नाही." मी दात ओठ खात गिअर उतरवला.

"आता दोन बाभळी. त्यांच्या मधून."

बाभळी नव्हत्या. तिथे पत्र्याचं लांबच लांब कुंपण होतं आणि त्यावर बंगल्यांच्या प्लॉटची जाहिरात. चित्रात एक हसरं कुटुंब हिरवळीवर बसलं होतं. वाट त्या कुटुंबाच्या पायांखालून कुठेतरी गेली असावी. खोटं सांगावं असं मनात आलं, पण साडूंना आवाजावरून कळलं असतं. मी म्हटलं, "बाभळी गेल्या. कुंपण घातलंय. प्लॉटिंग."

साडू चिडतील, त्या बिल्डरशी भांडायला निघतील, असं मला वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "कडेने काही जाता येतंय का, बघता का जरा?"

कुंपणाच्या कडेने एक बारीक पायवाट निघाली होती. लोकांनीच पाडलेली. मी सायकल ढकलत गेलो. पुढे पेरूची बाग होती आणि पेरू काढणाऱ्या एक आजीबाई सायकल ओळखून म्हणाल्या, "तुमचं ते भांडकुदळ पावणं कुठं हाईत?"

"पडलेत हो. खांदा मोडलाय."

"आगं बया! लई लागलं का?" असं म्हणत त्यांनी माझ्या पिशवीत चार पेरू घातले. "त्येंस्नी द्या. आन् म्हनावं, वाट हाय अजून. बागेतनं येऊ द्या."

हे सगळं फोनवर ऐकू गेलं होतं. मी म्हटलं, "ऐकलंत ना? बागेतून चला म्हणतात." पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज आला. "ऐकलं. पण भांडकुदळ कोण? मी फक्त चर्चा करतो."

साडूंचा खांदा आता बरा आहे, म्हणजे डॉक्टर म्हणाले तेवढाच बरा. ते सोसायटीच्या आवारात सायकलवरून गोल गोल फिरतात आणि वॉचमनला गिअरचं तंत्र समजावतात. रविवारी सकाळी मी अजूनही जातो; का जातो, हे मला कुणी विचारू नये. फोन कानात असतोच, पण पहिल्यासारख्या सूचना ते आता देत नाहीत. परवा पेरूच्या बागेशी पोहोचल्यावर मीच म्हटलं, "बोला, आता कुठे वळू?" ते म्हणाले, "वळा कुठेही. फक्त फोन बंद करू नका. वरच्या खिशात ठेवा." मी फोन खिशात ठेवला आणि वाळलेल्या पाचोळ्यावरून, खड्यांवरून, जमेल तेवढा आवाज करत सायकल हाकत राहिलो.