लॉजचे गाऱ्हाणे

माझ्या काकीएवढी हट्टी बाई देवगडपासून मालवणपर्यंत दुसरी नाही, आणि असलीच तर ती काकीला अजून भेटलेली नाही. बायकांना उंबरा ओलांडू न देणाऱ्या एका इंग्रजकालीन बंधुमंडळाची ती स्वयंघोषित वारस आहे. मंडळाचे सभासद केव्हाच पांगले. बंदरावर त्यांची सभेची इमारत, म्हणजे लॉज, तेवढी उरली. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, दाराशी दोन उंच खांब, दारावर कोरलेला एक डोळा, आत काळी-पांढरी फरशी आणि निळ्या छतावर रंगवलेल्या चांदण्या. आजोबा तिथले शेवटचे रखवालदार; त्यांच्यामागून किल्ली काकीकडे आली. मंडळाच्या रीतीप्रमाणे ती तीनदा दार ठोठावल्याशिवाय आत जात नसे, आणि दारावरच्या डोळ्याला मात्र आपल्या रीतीने कुंकू लावी. गाव त्या इमारतीला भुतांचा बंगला म्हणे. "भुता असती तर फरशी माका एकटीक पुसूक लागली असती?" काकी विचारी. आमच्या घरात पुस्तक उघडायलाही कोपरा नव्हता, म्हणून तिने मला त्या चांदण्यांखाली बसवले. घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या फरशीवर.

पुढे पर्यटकांच्या गाड्या लावायला लॉज पाडायचे ठरले. यंत्र आले त्या सकाळी काकी खांबांमध्ये उभी राहिली आणि देवाला गाऱ्हाणे, म्हणजे एरवी पुरुषांनीच मोठ्याने घालायचे साकडे, घालू लागली. "गो, गाऱ्हाणा बापयांनी घालूचा असता!" गर्दीतून कोणी ओरडले. "मगे बापयांच्या तोंडात काय सुपारी आसा?" म्हणत तिने सूर चढवला, "बा देवा म्हाराजा, ह्या घराक जो कोण हात लावतलो, तेका थंयच थांबव रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला ऐकणाऱ्यांनी होकार द्यायचा, ही आमच्याकडची पाळण्यापासूनची सवय. कामगार सगळे जवळच्याच कट्टा गावचे. "व्हय म्हाराजा!" ते एका सुरात गरजले, आणि सर्वांत मोठा आवाज यंत्रावरच्या चालकाचा. त्याने जीभ चावली, मग यंत्राची चावी काढून खिशात टाकली. मुकादम भडकला, तसा चालक म्हणाला, "काय करू, सायबानु? देवासमोर व्हय म्हटलंय. आता चालवूचंय नाय."

लॉज वाचली. यंदा पुन्हा नोटीस आली, म्हणून मी रजा काढून गावी आलो. काकीचा आवाज आता खोल गेला आहे. "ह्या येळी तू घाल," ती पायरीवर बसत म्हणाली. मी खांबांमध्ये उभा राहून "हे परमेश्वरा" म्हणताच ती फिसकारली, "रे, देव काय हाफिसात बसता?" मी पुन्हा सुरुवात केली, आमच्या बोलीत. यंत्र येईल त्या दिवशी मी इथेच असणार; तोवर सराव हवा. समोर ना यंत्र होते, ना कामगार. माझ्या प्रत्येक ओळीला पायरीवरून एकच बारीक आवाज येत होता, "व्हय म्हाराजा."